'सेक्रेड'च्या उलट इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?

अडलेली_भाषांतरकार
मंडळी, आजीने वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी भाचीसाठी इंग्रजीत करतेय, ती न्यू जर्सीला वाढली, मराठी समजतं पण वाचता येत नाही. आजी एके ठिकाणी लिहिते, "मी ओवळ्यात होते म्हणून नैवेद्याच्या ताटाला हात लावला नाही." आता याचं काय करू? मोबाईलने 'अनहोली' सुचवलं, ते वाचून आजी एकदम हडळ वाटायला लागली 😄 'इम्प्युअर' लिहिलं तर पोरगी फोन करून भांडेल. सेक्रेडच्या विरुद्धार्थी शोधलं तर प्रोफेन, सेक्युलर, सॅक्रिलिजस, ब्लास्फेमस असं बरंच निघालं. सगळे एकच का?

पोथीबाहेर
एकच नाहीत, आणि गोंधळ तिथेच आहे. एक म्हणजे जे पवित्र नाही, बस, रोजचं आहे. दुसरं म्हणजे जे पवित्राला जाऊन धक्का लावतं. सॅक्रिलेज दुसऱ्यातलं, लॅटिनमध्ये मुळात देवळातल्या वस्तूंची चोरी (म्हणून त्यात 'रिलिजन' हा शब्द नाहीच, पण निम्मं जग स्पेलिंग तसंच करतं). डेसिक्रेट म्हणजे पवित्र जागा भ्रष्ट करणं. ब्लास्फेमी म्हणजे देवाची निंदा, ती तोंडाने किंवा लेखणीने होते, इंग्लंडमध्ये तो 2008 पर्यंत गुन्हा होता.
प्रोफेन मात्र मुळात साधा शब्द. 'प्रो' म्हणजे समोर, बाहेर आणि 'फानुम' म्हणजे देऊळ, थोडक्यात देवळाबाहेरचं. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्ये धर्माची व्याख्या करताना सेक्रेड आणि प्रोफेन हीच जोडी घेतली, तिथे प्रोफेन म्हणजे वाईट नाही, व्यवहारातलं. आजीचं ओवळं हेच की! अंघोळ करून धुतलेलं नेसलं की सोवळं, बाकी वेळ ओवळं, त्यात पाप कुठे आलं.

वसईकर_73
सेक्युलरची गंमत सांगतो. आमच्याकडे चर्चच्या भाषेत 'सेक्युलर प्रीस्ट' असतात 😀 म्हणजे निधर्मी फादर नव्हे हो, जे कुठल्या संघात किंवा मठात नसतात, बिशपच्या हाताखाली गावच्या चर्चचं काम बघतात ते. लॅटिनमध्ये 'सेक्युलुम' म्हणजे पिढी, युग, त्यावरून या जगातलं, आपल्याकडे ऐहिक म्हणतात तसं. 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला तो सेक्युलर अर्थाने वेगळाच, मराठीत त्याला धर्मनिरपेक्ष केलंय. तेव्हा आजीला सेक्युलर करू नका, वाचणारा भलतंच समजेल.

काठावरचा
पोथीबाहेर, व्युत्पत्ती बरोबर आहे पण आज प्रोफेन म्हटलं की लोकांना शिव्याच आठवतात, प्रोफॅनिटी म्हणजे शिवीगाळच ना. भाचीला वाटेल पणजी तोंडाची फटकळ होती.
आणि ओवळं इतकं साधंसुधं होतं हेही मला पटत नाही. तुमच्या आजीचं ओवळं अंघोळ केली की संपायचं, काही लोकांचं जन्मभर संपू दिलं नाही. 'देवळाबाहेरचा' हा अर्थ वाचला आणि मला आधी चोखोबा आठवले, पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. तिथलं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं. विटाळ आणि ओवळं हे शब्द वेगळे असतील, घर एकच आहे.

पोथीबाहेर
मान्य. मी फक्त त्या एका वाक्यापुरतं बोलत होतो, पण शब्द एवढ्यावर थांबत नाही हे खरं.

अडलेली_भाषांतरकार
काठावरचा, तुमचं वाचून वही परत उघडली. आजीने पुढच्याच पानावर लिहिलंय की सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घालायचे आणि पाणी भरणाऱ्या बाईने अंगणातूनच घागर ओतायची, ती आत आलेली चालायची नाही. मी ते पान गाळायच्या विचारात होते, आता गाळत नाही.
त्या वाक्यापुरतं विरुद्धार्थी शब्द शोधणंच सोडलं. असं केलंय: "मी तेव्हा रोजच्या लुगड्यात होते, सोवळ्यात नव्हते, म्हणून ताटाला हात लावला नाही." सोवळं शब्द तसाच ठेवला, खाली दोन ओळी समजावून. चालेल का?

वसईकर_73
मस्त चालेल. फक्त लुगड्याला 'ड्रेस' करू नका म्हणजे झालं.

अडलेली_भाषांतरकार
'सारी' केलंय, नऊवारी म्हणून सांगितलंय. काठीचं काय करू ते अजून ठरत नाहीये, 'स्टिक' लिहिलं की मारायची काठी वाटते.