मदत हवी आहे: चढ-उतार सौम्य आहेत, तरी २० किमीनंतर पाय गळून जातात

नमस्कार मंडळी,

दीड वर्षं रस्त्यावर सायकल चालवतोय. सपाट रस्त्यावर ६० किमी आरामात होतात. चार महिन्यांपूर्वी माउंटन बाइक घेतली: पुढे १०० मिमी सस्पेन्शन, मागे काही नाही, २९ इंची चाकं, २.२५ चे टायर, ट्यूबवाले. पुढे एकच ३२ दात्यांची चकती, मागे ११ ते ४२.

ज्या ट्रेलवर जातो तो ३० किमीचा फेरा आहे. गवताळ टेकाडं, शेतांच्या कडेची पायवाट, मधे झाडीचे दोन-तीन पट्टे. एकही टेकाड पायथ्यापासून ४० मीटरच्या वर नाही. लांबून पाहिलं तर वाटतं, यात काय आहे! पण विसाव्या किमीपाशी मांड्या भरून येतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि शेवटची टेकाडं ढकलत चढवावी लागतात. दर वेळी हेच.

एक जागा सांगतो, म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. उतार संपतो तिथे सुकलेला ओढा आहे, त्यात मुठीएवढे गोटे. गोट्यांना घाबरून मी ब्रेक दाबतो. पलीकडे लगेच बारा-पंधरा मीटरचा उभा चढ. वेग गेलेला, गिअर जड. मग घाईघाईने गिअर हलका करायला जातो, चेन खडाखड वाजते, मी सीटवरून उठून जोर लावतो आणि मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पाय खाली. अशा जागा फेऱ्यात निदान पंधरा तरी असतील.

माझं वजन ७२, सायकल १४, पाणी-सामान धरून एकूण ९० किलो. टायरमध्ये हवेचा दाब ४० पीएसआय. दम कमी पडतोय, गिअर चुकतायत, की ही सायकलच या जमिनीला योग्य नाही? हा ट्रेल मला मनापासून आवडतो, सोडायचा नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

सायकल अगदी योग्य आहे. अशा जमिनीला हीच लागते, ती बदलायचा विचार डोक्यातून काढा.

टेकाडाची उंची बघून अंदाज करू नका, एकूण चढ मोजा. इंग्लंडमधला साउथ डाउन्स वे याचं चांगलं उदाहरण आहे. विंचेस्टर ते ईस्टबोर्न, साधारण १६० किमी, सगळी खडूच्या दगडाची गोल गोल टेकाडं. वाटेतली एकही जागा ३०० मीटर उंचीची नाही. तरीही पूर्ण वाटेचा चढ जोडला तर साडेतीन हजार मीटरच्या वर जातो. तुमच्या फेऱ्याचा एकूण चढ जीपीएसवर बघून इथे लिहा.

आता हिशेब. ९० किलो वजन ८ टक्क्यांच्या चढावर ताशी १२ किमीने न्यायचं तर नुसतं वर उचलायलाच सुमारे २३५ वॉट लागतात. सपाट रस्त्यावर ताशी २० ने जायला याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. म्हणजे प्रत्येक टेकाडावर तुम्ही मांड्यांना धावायला लावता आणि उतारावर जेमतेम अर्धा मिनिट विश्रांती देता. घाटात चढ लांब असतो, त्यामुळे माणूस आपसूक लय धरतो. इथे चढ छोटा दिसतो म्हणून प्रत्येक जण तो झटक्यात मारायला जातो, आणि पाय नेमके तिथेच खर्ची पडतात.

तोच चढ ताशी ८ ने चढा, काम १५७ वॉटवर येतं. तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, ३२ ला ४२, पॅडलचे मिनिटाला ८० फेरे मारले तर वेग साधारण ८.४ भरतो. म्हणजे हवा तो गिअर तुमच्याकडे आहे, तुम्ही तो उशिरा टाकताय. पहिले दहा किमी तोंडाने पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच जोर लावून चालवा. कंटाळवाणं वाटेल, पण चालवा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. मी फक्त त्या ओढ्याबद्दल लिहिते, कारण खरी गळती तिथे आहे.

ब्रेक ओढ्यात नको, ओढ्याच्या आधी, उतार चालू असतानाच. गोट्यांत शिराल तेव्हा दोन्ही बोटं ब्रेकवरून सैल, पॅडल आडवे, कुल्ले सीटपासून चार बोटं वर, कोपर आणि गुडघे ढिले. नजर पुढच्या चाकाजवळच्या गोट्यावर ठेवली तर चाक तिकडेच जातं. नजर पलीकडे, चढ सुरू होतो तिथे ठेवा. चाक गोट्यांवरून आपलं आपण जातं, त्याला जाऊ द्यायचं.

गिअर उतारावरच दोन-तीन पायऱ्या हलका करून ठेवा. बदलताना पॅडल फिरत हवं पण त्यावर भार नको. चेन ताणलेली असताना बदललात की तो खडखडाट होतो आणि दात झिजतात. चढावर उठू नका. सीटच्या पुढच्या टोकाला सरका, छाती हँडलकडे झुकवा, कोपर खाली. मागच्या चाकावर वजन राहिलं की ते जागच्या जागी फिरत नाही.

मला स्वतःला हे जमायला एकाच ओढ्यावर तीन सकाळी घालवाव्या लागल्या. एकच जागा निवडा आणि दहा वेळा तीच करा.

प्रतिसाद ३

४० पीएसआय फार झाले. टायर दगडासारखा उडतो, पकड सुटते आणि सगळे हादरे तुमच्या अंगात उतरतात. ट्यूब आहे तर मागे २८, पुढे २६ पासून सुरू करा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर दोनने वाढवा, नाहीतर ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतील. सस्पेन्शनही तपासा: नेहमीचे कपडे-सामान चढवून सायकलवर बसल्यावर १०० पैकी २० ते २५ मिमी दबलं पाहिजे.

पाऊस पडून गेल्यावर मात्र दोन दिवस जाऊ नका, ही कळकळीची विनंती. ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून तशीच राहते, मग प्रत्येक पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं आणि वाट खचत जाते.

धागाकर्ता, सोळा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. जीपीएसवर एकूण चढ बघितला: ५६० मीटर! मी दोनशेच्या आसपास धरून चाललो होतो.

हवा २८/२६ केली, त्याच दिवशी फरक जाणवला. ओढ्यावर दोन सकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी सातव्या प्रयत्नात पहिल्यांदाच पाय न टेकवता वर पोहोचलो आणि वर थांबून मागे वळून बघत राहिलो. काल पूर्ण फेरा केला. सुरुवातीचे दहा किमी मुद्दाम सावकाश, तरी एकूण वेळ आधीपेक्षा ११ मिनिटांनी कमी. गोळे आले नाहीत.

एकच राहिलं: सव्विसाव्या किमीनंतर उजवा गुडघा समोरून, वाटीच्या खाली दुखतो. सीट खाली असल्यामुळे असेल का? टाच पॅडलवर ठेवली तर तळाशीही गुडघा बराच वाकलेला राहतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

वा! हो, सीट खाली आहे. टाच पॅडलवर, पॅडल तळाशी, पाय सरळ, इतकी वर घ्या. एकदम नको, एका वेळी ५ मिमी, आणि मधे दोन फेऱ्या जाऊ द्या. दुखणं तरीही राहिलं तर सायकल बाजूला ठेवून गुडघा डॉक्टरांना दाखवा.