गिनीतल्या प्रयोगशाळेत मिनआयन: तयारी कशाची करायची?

रेणुवेडा:
गिनीतल्या भागीदार प्रयोगशाळेत मिनआयन या डीएनए वाचणाऱ्या यंत्रावर विषाणूंचे जीनोम वाचायचे आहेत. यंत्र तळहाताएवढं आणि स्वस्त. मग काम अडतं कुठे? वीज रोज जाते, इंटरनेट मोबाइलचं.

शीतपेटी:
यंत्राच्या बाहेरच अडतं. २०१५ च्या इबोला साथीत तिथे अख्खी प्रयोगशाळा विमानाच्या सामानातून गेली, ५० किलोंच्या आत. १४२ नमुने वाचले, नमुना हाती आल्यापासून २४ तासांत निकाल. पण फ्लोसेल (यंत्रात बसवायचे, डीएनए प्रत्यक्ष वाचणारे भाग) फ्रिजमध्येच राहायला हवेत, गोठले की फेकायचे. एन्झाइमांना उणे २०. म्हणजे खोकी दोन, प्रत्येकात तापमानाचा लॉगर. कस्टमचे कागद माल निघण्याआधी मंजूर करून घ्या. माल पोचताच फ्लोसेल तपासा: डीएनए वाचणारी ८०० पेक्षा कमी छिद्रं चालू असतील तर कंपनी बदलून देते, मात्र मुदतीत कळवलं तरच.

पिपेटवाली:
आणि बुडबुडा! फ्लोसेल भरताना प्रायमिंग पोर्ट (द्रव भरायचं तोंड) उघडून आधी पिपेटने २०-३० मायक्रोलिटर द्रव मागे ओढा, हवा निघते. मग ८०० मायक्रोलिटर प्रायमिंगचा द्रव सावकाश सोडा, ५ मिनिटं थांबा. स्पॉटऑनचं (नमुना टाकायच्या तोंडाचं) झाकण उचला, पण उरलेले २०० प्रायमिंग पोर्टातूनच. शेवटी ७५ मायक्रोलिटर लायब्ररी (वाचण्यासाठी तयार केलेला डीएनए) स्पॉटऑनमध्ये थेंबाथेंबाने. छिद्रांच्या पडद्यावरून हवा गेली की तिथली छिद्रं कायमची गेली, धुऊन परत येत नाहीत.

यूपीएस थर्मोसायकलरला (पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या यंत्राला) लावा. लॅपटॉपला बॅटरी असते, पीसीआर मात्र मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

शीतपेटी:
इंटरनेटचं: २०१५ मध्ये बेसकॉलिंगसाठी (यंत्राच्या संकेतांतून डीएनएची अक्षरं ओळखण्यासाठी) डेटा क्लाउडवर चढवावा लागे. आता जीपीयूवाल्या लॅपटॉपवर जागेवरच होतं. सॉफ्टवेअर, मॉडेलं, संदर्भ जीनोम निघण्याआधीच उतरवून घ्या आणि वायफाय बंद करून एकदा चालवून बघा.

रेणुवेडा:
विषाणू फार कमी असलेले नमुने?

पिपेटवाली:
अशा नमुन्यांत पीसीआरने लांब तुकडे वाढतच नाहीत. ब्राझीलमध्ये झिकाला हीच अडचण आली, म्हणून सुमारे ४०० बेसचे एकमेकांवर चढणारे तुकडे, दोन वेगळ्या पूलमध्ये (नळ्यांत) वाढवले. शेजारच्या तुकड्यांचे प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए) एकाच नळीत घातले तर फक्त चढलेला छोटा भागच जोरात वाढतो. निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला नमुना) आरएनए काढण्यापासूनच घ्या आणि त्यालाही बारकोड (नमुना ओळखायची डीएनएची खूण) लावून वाचा. त्यात विषाणूचे रीड (वाचलेले तुकडे) दिसले तर त्या रनमधले कमी विषाणूचे नमुने बाद धरा. पीसीआरनंतरच्या नळ्या उघडायला वेगळी खोली नसेल तर निदान वेगळं टेबल, वेगळी पिपेटं. पिपेटं इकडून तिकडे नेऊ नका, घाई असली तरी.