मुलाने केलेल्या मातीच्या वस्तूत मोठ्यांनी हात घालावा का?

प्रश्न : एक पालक, पुणे

माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. गणपतीच्या आधी आमच्या सोसायटीत शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा झाली. तिथे मुलांना साच्यातून काढलेले धड दिले होते, त्याला फक्त सोंड आणि कान चिकटवायचे होते, आणि शेवटी शिकवणाऱ्या ताईंनी स्वतः पाण्याचा हात फिरवून सगळ्या मूर्ती एकसारख्या केल्या. घरी आल्यावर उरलेल्या मातीतून मुलीने आपला वेगळा गणपती केला. त्याला हात एकच होता, सोंड पार जमिनीला टेकलेली होती आणि उंदीर गणपतीपेक्षा मोठा होता, कारण ‘त्यालाच सगळं ओझं उचलायचं असतं’. आजीने कौतुकानेच दुसरा हात लावून दिला आणि उंदीर जरा लहान केला. मुलीने ते सगळे मुकाट्याने मोडून गोळा केला आणि ‘हा आता आजीचा झाला’ म्हणून बाजूला ठेवला.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. चुकीचे तसेच राहू दिले तर मूल शिकणार कसे, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे, हातच लावू नये. जाणकारांनी कृपया सांगावे. शिवाय घरी शाडू वापरावा की दुकानातली रंगीत क्ले, आणि वाळताना हातपाय गळून का पडतात, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद १ : चित्रकला शिक्षक, सातारा जिल्हा

ताई, उंदीर मोठा होण्यात चूक काहीच नाही. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी व्हिएन्नामध्ये अंध आणि अधू दृष्टीच्या मुलांबरोबर मातीकाम केले होते. डोळ्यांना दिसणारे प्रमाण वेगळे आणि स्पर्शातून, भावनेतून जाणवणारे प्रमाण वेगळे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. लहान मुले, मग ती डोळस असली तरी, जे महत्त्वाचे वाटते ते मोठे करतात आणि ज्याचे काम नाही ते सरळ गाळतात. तुमच्या मुलीने तर उंदीर मोठा का, याचे कारणही दिले आहे; त्याहून स्पष्ट अभिव्यक्ती कोणती हवी?

त्यांचे आणखी एक निरीक्षण वर्गात फार उपयोगी पडते. काही मुले एकाच गोळ्यातून ओढून, चिमटून हातपाय बाहेर काढतात, तर काही मुले डोके, पोट, पाय असे सुटे भाग करून जोडत जातात. या दोन वेगळ्या विचारपद्धती आहेत. ओढून काढणाऱ्या मुलाला ‘आधी गोल डोके कर, मग लांबट पोट कर’ असे सांगितले की त्याचे काम तिथेच अडते. आपल्या बहुतेक कार्यशाळा मात्र दुसरी पद्धतच शिकवतात, कारण ती वीस मुलांना एका वेळी शिकवणे सोपे जाते.

आजींना मातीपासून दूर ठेवू नका. त्यांना वेगळा गोळा द्या आणि शेजारी बसून त्यांचा स्वतःचा गणपती करू द्या. मूल त्यांच्या बोटांकडे बघून हवे तेवढे उचलते. ‘हे काय केलेस?’ असे विचारण्यापेक्षा ‘हा उंदीर ओझे घेऊन कुठे निघालाय?’ असे विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला मूल परीक्षेतल्यासारखे उत्तर देते, दुसऱ्याला गोष्ट सांगते.

प्रतिसाद २ : एक वाचक, कोल्हापूर

वरील मत बरेचसे पटते, पण साच्याला आणि तंत्राला सरसकट नावे ठेवू नयेत असे मला वाटते. आमच्याकडे बेंदराला घरोघर मातीचे बैल करत असत आणि वशिंड, शिंगे, मान यांची घडण मोठ्यांचे पाहूनच मुले शिकत. ठरलेला आकार असूनही कोणता बैल कोणाच्या हातचा, हे ओळखू येई. पेणच्या कारखान्यांत वाढलेली मुलेही आधी साच्यातल्या मूर्तींवरच हात बसवतात. शिवाय नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपली वस्तू खऱ्यासारखी दिसावीशी वाटू लागते, आणि त्या वेळी हातात कसब नसेल तर ‘मला येत नाही’ म्हणून ते माती कायमची सोडते. म्हणून मूल अडले, शिंग पुन्हा पुन्हा पडू लागले, की त्या क्षणी जोडणी शिकवावी. मागितल्याशिवाय आकार मात्र बदलू नये.

प्रतिसाद ३ : मूर्तिकाम करणारा, रायगड जिल्हा

हातपाय गळण्याबद्दल सांगतो. माती वाळताना आकसते. बारीक हात आधी वाळतो, जाड धड ओले राहते, आणि जोडाशी ताण येऊन तडा जातो. नुसता गोळा दाबून चिकटवला तर जोड टिकत नाही. दोन्ही पृष्ठभागांवर आगकाडीने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात, त्यांवर पाण्यात कालवलेली पातळ माती लावावी, मग दाबून कडा बोटाने एकमेकींत मिसळाव्यात. सहा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवले की पुरते. जास्त पाणी लावत राहणे हा सगळ्या मुलांचा आवडता उद्योग असतो, पण त्यानेच वस्तू बसते. वाळवणे सावलीत, सुरुवातीला वरून सैल कापड टाकून करावे.

कोरडा शाडू रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी कणकेसारखा मळावा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. वाळलेले तुकडे फोडून भिजवले की पुन्हा तीच माती मिळते. शेतातली काळी माती घेऊ नये, ती फार फुगते आणि वाळताना फार तडकते. खाली सांडलेली कोरडी पूड झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे धूळ नाकात जात नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांना मळायला कधीही देऊ नये. घट्ट होताना ते तापते आणि त्यात अडकलेल्या हाताला भाजू शकते. तेलमिश्रित रंगीत क्ले वाळत नाही, त्यामुळे प्रवासात किंवा लहान जागेत ती सोयीची पडते, पण तिचे छोटे रंगीत तुकडे मुलाला चिमटीपुरतेच काम करू देतात. दोन्ही तळव्यांत मावणार नाही एवढा शाडूचा गोळा दिला की मूल खांद्यापासून जोर लावते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आजींचा वेगळा गोळा लगेच अमलात आणला आहे. आणखी एक शंका : मुलीने केलेल्या वस्तू कच्च्याच राहिल्या तर किती टिकतील? कुंभाराकडे भाजून मिळतील का?

प्रतिसाद ३ : मूर्तिकाम करणारा, रायगड जिल्हा

पाण्यापासून आणि धक्क्यापासून जपल्या तर कच्च्या वस्तूही वर्षानुवर्षे राहतात. भाजायच्या असतील तर कुंभाराला आधी विचारा आणि त्याच्याकडचीच माती वापरा, कारण कोणती माती किती आचेला टिकते हे त्याला ठाऊक असते. वस्तू आतपर्यंत वाळलेली हवी, आत ओल राहिली तर तिची वाफ होऊन वस्तू भट्टीत फुटते आणि शेजारची मडकीही जातात. म्हणून जाड वस्तू कडक झाल्यावर, पण पूर्ण वाळण्याआधी, खालून चमच्याने पोकळ करून घ्यावी. आणि पोकळ करण्याआधी मुलीला विचारा, तिच्या उंदराच्या पोटात काय आहे हे तिने आधीच ठरवलेले असण्याची शक्यता आहे.