मदत हवी आहे: यूएस आर्मी रिझर्व्ह, वॉरंट ऑफिसरचं पॅकेट आणि गावची जमीन

नमस्कार मंडळी, इथे कुणी आर्मी रिझर्व्हमध्ये (नोकरी सांभाळून अर्धवेळ सैन्यात) असेल किंवा घरात कुणी असेल तर प्लीज सांगा. मी सार्जंट आहे, २५बी म्हणजे आयटीवाला, सिटिझनशिप झालीये, जीटी स्कोअर (भरतीच्या परीक्षेतला) ११० च्या वर आहे, वयाची ४६ ची अट अजून लांब आहे, म्हणून २५५ए वॉरंट ऑफिसरसाठी, म्हणजे आयटीतल्या तांत्रिक तज्ज्ञ अधिकाऱ्याच्या पदासाठी, पॅकेट (अर्जाची कागदपत्रं) टाकतोय. माणसं सांभाळत वर जाण्यापेक्षा सर्व्हर सांभाळलेले परवडले असा आपला हिशोब. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते म्हणाले आमच्या जेसीओसारखंच (सुभेदार वगैरे) की मग, मीही फार खोलात गेलो नाही.

आता अडलंय ते सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीच्या) एसएफ-८६ फॉर्मवर. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, ताई आणि मी अशी तिघांची नावं चढली, जमीन दीड एकर, तीही जिराईत, पण परदेशातली प्रॉपर्टी म्हणून दाखवायची ना? आणि किंमत काय लिहू, तिकडे कुणी विकतच नाहीये. काकांशी दर रविवारी फोन असतो तेही लिहायचं का? ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मी घेतलेलं नाही, परदेशी सैन्यातल्यांना ते देतच नाहीत, व्हिसा काढूनच गावी जातो.

दुसरं म्हणजे डब्ल्यूओसीएस, वॉरंट ऑफिसर होण्यासाठीची शाळा. अलाबामात फोर्ट रकरला सलग पाच आठवडे जाऊ की आरटीआयमधून (प्रादेशिक सैनिकी प्रशिक्षण केंद्रातून) विकेंड-विकेंड करू? बायको म्हणते एकदाचं उरकून ये, मॅनेजरचं तोंड मात्र आत्ताच वाकडं झालंय.

प्रतिसाद १:
जमीन दाखवच, सेक्शन २०ए. कशी मिळाली, कधी मिळाली, सोबत कोणाची नावं, सगळं विचारतात. किंमत रेडी रेकनरवरून अंदाजे टाक आणि एस्टिमेटवर टिक कर. वडिलोपार्जित दीड एकरामुळे काही अडत नाही रे, लपवलं तर मात्र अडतं. आई-ताई सेक्शन १८ (नातेवाईक) मध्ये. काका त्या यादीत बसत नाहीत, पण दर रविवारी बोलतोस म्हणजे सेक्शन १९ (परदेशातले संपर्क) मध्ये टाक आणि ते सैन्यात होते हेही लिही.

शाळेचं म्हणशील तर आरटीआयमध्ये आधी ऑनलाइन भाग, मग पाचेक महिने विकेंड आणि शेवटी दोन आठवडे सलग. ऐकायला सोपं, पण शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी काढायची आणि सोमवारी परत स्टँडअप मीटिंगला हजर, हे माझ्याच्याने पुन्हा होणार नाही. मी असतो तर रकर. नोकरीला यूसेराचं, म्हणजे सैन्यसेवेसाठी गेलेल्याची नोकरी राखणाऱ्या कायद्याचं, संरक्षण आहे, फक्त मॅनेजरला आधी लेखी कळव, पगार ते देतीलच असं नाही. आणि खरी सुट्टी पुढेच लागणार आहे, फोर्ट गॉर्डनचा वॉरंट ऑफिसरचा बेसिक कोर्स काही महिन्यांचा असतो आणि त्याशिवाय सीडब्ल्यू२ (वॉरंट ऑफिसरची पुढची रँक) होता येत नाही, तेव्हा बायकोला ते आत्ताच सांगून ठेव.

धागाकर्ता:
बापरे, गॉर्डनचं घरी अजून बोललोच नाहीये. पॅकेटसाठी सिनियर वॉरंट ऑफिसरचं शिफारसपत्र कसं मिळवलंत? आमच्या युनिटमध्ये २५५ए एकही नाही, दुसऱ्या युनिटमधल्या चीफला (वॉरंट ऑफिसरला) थेट ईमेल टाकला तर चालतं का?