कर टाळा, भिंती रंगवा

ताळेबंद (धागाकर्ता)
कालच्या ‘कंपन्यांना सारखं चोर का ठरवता’ या पोस्टला प्रतिसाद द्यायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा. तिथलं म्हणणं असं की करनियोजन कायदेशीर आहे, कंपन्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, शाळा-दवाखान्यांवर भरपूर खर्च करतात आणि तो पैसा सरकारी पैशापेक्षा बरा वापरला जातो, मग रडारड कशाला?

कायदेशीर आहे, कबूल. स्टारबक्स या कॉफीवाल्या कंपनीनेही ब्रिटनमध्ये कायदा मोडला नव्हता. १४ वर्षांत ३ अब्ज पौंडांची विक्री आणि कंपनी कर सगळा मिळून ८६ लाख पौंड. नाव वापरल्याबद्दल नेदरलँड्समधल्या भगिनी कंपनीला रॉयल्टी, कॉफीच्या बियांची खरेदी स्वित्झर्लंडमधल्या भगिनी कंपनीमार्फत, वर आपल्याच गटाकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज. ब्रिटनच्या हिशोबात जवळजवळ दरवर्षी तोटा, गुंतवणूकदारांना मात्र धंदा झकास असल्याचं सांगायचं. २०१२ मध्ये हे बाहेर आलं, लोक खवळले, तेव्हा कंपनीने जाहीर केलं की पुढची दोन वर्षं दरवर्षी सुमारे १ कोटी पौंड देऊ.

माझं डोकं फिरतं ते इथे. किती कर द्यायचा हे करदात्यानेच जाहीर करायचं? मग ते दान झालं. सीएसआरचं तेच आहे. कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, पाटी कुठे लावायची, सगळं देणारा ठरवतो. कर एकदा भरला की तो कुठे जाणार हे तुमच्या हातात राहत नाही. खरं दुखणं ते आहे.

खुला_बाजार
भावना पोचल्या. पण कंपनीचा कर शेवटी कुणाच्या खिशातून जातो? भागधारकाच्या, कामगाराच्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० मध्येच लिहून ठेवलंय की व्यवस्थापकाने दुसऱ्याच्या पैशाने समाजसेवा करू नये. तेव्हा सीएसआरचं नाटक मलाही नकोच आहे. पण नियमात राहून नफा कमावणाऱ्याला शिव्या का? पळवाटा संसदेने ठेवल्यात, संसदेने बुजवाव्यात. आयर्लंडचंच बघा. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये सांगितलं, ॲपलकडून थकलेल्या कराचे १३ अब्ज युरो वसूल करा. तर आयर्लंड सरकारच कोर्टात गेलं, आम्हाला नकोत म्हणून!

ताळेबंद
पुढचंही सांगा की. २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं म्हणणं उचलून धरलं. आयोगाच्या हिशोबाने ॲपलच्या आयर्लंडमधल्या कंपनीचा २०१४ चा प्रत्यक्ष करदर होता ०.००५ टक्के. म्हणजे १० लाख युरो नफ्यावर ५० युरो. संसदेने पळवाटा ठेवल्या म्हणता, तर मसुदा बनताना सल्ला द्यायला कोण बसलेलं असतं तेही सांगा.

रात्रपाळी
माझा कर पगार हातात यायच्या आत कापला जातो. माझ्या पगाराला कर वाचवायला बर्म्युडात भगिनी कंपनी नाही. एवढंच.

सावली
‘पैसा बरा वापरला जातो’ हे वाचून राहवलं नाही. मी गेली बरीच वर्षं एका छोट्या संस्थेत मुलांच्या शिक्षणाचं काम करते. आर्थिक वर्ष संपत आलं की फोन सुरू होतात : एवढी रक्कम उरलीय, महिन्याभरात खर्च दिसला पाहिजे, काहीतरी सुचवा. शिक्षकांचा पगार सुचवला की नको. संगणक चालतील, त्यांची दुरुस्ती नको. भिंत रंगवायची म्हटलं की लगेच हो, कारण भिंतीचा फोटो निघतो. एकदा एका कंपनीचे बसभर लोक आले आणि आदल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने रंगवलेलीच भिंत पुन्हा रंगवून गेले.

खुला_बाजार
मग घेऊ नका ना त्यांचे पैसे.

सावली
सोपं आहे हो तुम्हाला. महिनाअखेरीस मानधन मागायला लोक माझ्या दारात येतात, तुमच्या नाही.

मार्चएंड
मी टेबलाच्या पलीकडचा, कंपनीच्या हिशोब खात्यातला. संस्थाही धुतल्या तांदळासारख्या नसतात. एकच फोटो तीन देणगीदारांच्या अहवालांत पाहिलाय मी. खर्चाची बिलं मागितली की तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून रडणं सुरू.

सावली
एका संस्थेवरून सगळ्यांना झोडपायचं असेल तर कंपन्यांना चोर म्हटल्यावर का झोंबतं?

मार्चएंड
कोण म्हणालं झोंबलं? बिलं मागणं हे माझं काम आहे. आणि ताई, आवाज चढवल्याने बिल तयार होत नाही.

ताळेबंद
भिंत आणि बिलं पुरे! मूळ मुद्द्यावर या. करभरणा हा जबाबदारीचाच भाग आहे हे आता मीच म्हणतोय असं नाही. शाश्वतता अहवालांचे निकष ठरवणाऱ्या जीआरआयने २०१९ मध्ये कराचा वेगळा निकष आणला. कुठल्या देशात किती नफा, किती माणसं, किती कर, हे देशवार सांगा म्हणून. पण तो ऐच्छिक, त्यामुळे चकचकीत अहवालात झाडं मोजलेली सापडतात, कर शोधावा लागतो.

मार्चएंड
चिडलोय तरी एक सांगतो, माझ्याच लोकांच्या विरोधात. भारतात २०१३ च्या कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर घालावे लागतात. टक्केवारी नफ्यावर आहे. रॉयल्टी, व्याज, सेवाशुल्क लावून नफाच बाहेर नेला की कर घटतो आणि हे २ टक्केही घटतात. करातून गेलं ते सीएसआरमधून भरून निघतं, हा हिशोब मग कुठून येतो?

खुला_बाजार
बरं, हा मुद्दा बिनतोड आहे. वर्षातून एखादा निघतो इथे. पण आता १५ टक्के जागतिक किमान कर आलाय ना? २०२१ मध्येच १३० हून जास्त देश कबूल झाले. भांडण संपलं.

ताळेबंद
तो फक्त ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या गटांना. आणि २०२५ मध्ये जी-७ देशांनी त्यातल्या मुख्य तरतुदींमधून अमेरिकी गटांना वगळायला होकार दिला. सांगा, संपलं का?

रात्रपाळी
मलाही वगळा म्हणावं.

सावली
पुढचा निधी देणारा आला की आधी त्याचा देशवार कराचा तक्ता मागणार आहे. ते आमच्याकडे बिलं मागतात, तसंच.

खुला_बाजार
जरूर मागा. आणि त्यानंतर निधी आला का, तेही इथेच लिहा.