सोसायटीच्या ताळेबंदात १८ लाखांची ‘अनिष्ट तफावत’, सभासदाने विचारायचं कुणाला?

आलेवाला, सातारा

नमस्कार मंडळी. गावच्या विकास सोसायटीत, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, वडील जुने सभासद. निम्मी जमीन माझ्या नावावर झाल्यावर मीही झालो. आलं आणि सोयाबीन करतो. परवा पहिल्यांदाच वार्षिक सभेला पूर्ण वेळ बसलो.

सभासद ४१२. सकाळी दहाला हजर सात. साडेदहाला ‘गणसंख्येअभावी तहकूब सभा’ म्हणून तीच सभा सुरू झाली आणि वीस मिनिटांत आटोपली. सचिव विषय वाचत होते, मागून दोघंतिघं ‘मंजूर, मंजूर’ म्हणत होते. अहवालाची प्रत टेबलावर एकच. मी ती मागून घेतली, तर लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांत ‘अनिष्ट तफावत रु. १८,४०,०००’ असं लिहिलेलं. विचारलं, तर चेअरमन म्हणाले, “ते बँकेचं तांत्रिक असतं. तुझं पीककर्ज मिळतंय ना?”

निघताना हजेरी रजिस्टरवर सही करायला गेलो. माझ्या नावाच्या वर वडिलांचं नाव आणि पुढे वळणदार सही. वडील घरी अंथरुणावर आहेत. जानेवारीपासून त्यांचा उजवा हात उचलत नाही, कागदावर डाव्या हाताचा अंगठा देतात.

मला गावात भांडण नको. आमची विहीर याच सोसायटीच्या कर्जातून झाली, म्हणून तर जीव तुटतो. ही तफावत नेमकी काय असते? आणि दाद मागायची कशी?

रानवाट, निफाड

दादा, सभेत बोलून काही होत नाही. सगळे एकमेकांचे भावकीतले. पुढच्या निवडणुकीत पॅनेल उभं करा, तोवर गप्प राहा.

निवृत्त गटसचिव

गप्प राहा हे मला पटत नाही. मी २९ वर्षं गटसचिव होतो, म्हणजे सोसायट्यांचं दप्तर सांभाळायचो. माझ्याकडच्या एका सोसायटीत एक म्हातारे सभासद दरवर्षी उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, “बँकेचं देणं किती, सभासदांकडं येणं किती?” बाकी काही नाही. त्या एका प्रश्नासाठी मी आदल्या रात्री कंदील लावून दोन्ही खाती जुळवत बसायचो. तेव्हा विचारणारा एक जरी असला तरी दप्तर सरळ राहतं.

आता तफावत. जिल्हा बँक सोसायटीला कर्ज देते, सोसायटी तेच सभासदांना देते. म्हणजे सोसायटी बँकेला जेवढं देणं लागते, निदान तेवढं तिचं सभासदांकडून येणं असलं पाहिजे. येणं कमी आणि देणं जास्त झालं की मधली रक्कम ती अनिष्ट तफावत. सभासदांनी भरलेला वसूल बँकेत न जाता पगाराला, इमारतीला वापरला, की ती होते. बँक आलेल्या वसुलातून आधी व्याज कापते आणि सोसायटी तो मुद्दलात जमा धरते, त्यानेही होते. अपहारानेही होते. त्यामुळे लगेच कुणाला चोर म्हणू नका, पण ‘तांत्रिक’ म्हणून सोडूही नका. तफावत वाढली की बँक हात आखडता घेते आणि ३१ मार्चच्या आत घरचं सोनं गहाण ठेवून नवं-जुनं करणाऱ्या, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलणाऱ्या, प्रामाणिक सभासदाचंच नवं कर्ज अडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. ‘भांडवल व देणी’ बाजूला बँक कर्ज बघा, ‘मालमत्ता व येणी’ बाजूला सभासद कर्ज. फरक कोणत्या वर्षी वाढला ते कळलं की निम्मं काम झालं.

कागद मिळवायचा हक्क तुम्हाला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ३२ वाचा. पोटनियम, ताळेबंद, सभासद यादी, सभांची इतिवृत्तं कार्यालयात फुकट पाहता येतात, आणि फी भरली की महिन्याच्या आत नकला द्याव्या लागतात. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी मागितलेलं मागितलं नाही असंच धरा. त्यातच कलम ८२ खालचा दोषदुरुस्ती अहवाल, नमुना ‘ओ’, मागा. लेखापरीक्षकानं दाखवलेल्या दोषांचं समितीनं काय केलं ते त्यात असतं. तो भरलेलाच नसेल तर तेही कळेल.

नाहीच दिलं तर तालुक्याला सहायक निबंधकांकडे जा. कलम ८३ ची चौकशी लागायला एक पंचमांश सभासदांचा अर्ज चालतो, म्हणजे तुमच्या ४१२ सभासदांत ८३ सह्या लागतील. ती शेवटची पायरी ठेवा.

वडिलांच्या सहीचं पत्र मात्र वेगळं द्या. हिशोबाच्या अर्जात ते मिसळलं तर सगळी चर्चा सहीवरच जाईल आणि तफावत बाजूला राहील.

संचालिका, बुलढाणा

दादा, माझं उलट्या बाजूनं ऐका. आमच्या १३ संचालकांत महिलांच्या दोन जागा, त्यातल्या एकीवर मी. पहिलं वर्षभर शिपाई इतिवृत्ताची वही घरी आणायचा, मी चुलीपुढून उठून पदराला हात पुसून सही करायचे. एकदा मुलीनं वाचून दाखवलं. वहीप्रमाणे एका सभेला मी ‘सूचक’, म्हणजे ठराव मांडणारी होते, आणि त्या दिवशी मी माहेरी होते. मला रात्रभर झोप आली नाही. नुकसान निघालं तर कलम ८८ खाली वसुली सही करणाऱ्यावरही येऊ शकते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वही परत पाठवली. म्हटलं, सभा घ्या, मग सही. पहिले दोन महिने माझ्याशी कुणी बोललं नाही. आता सभा होतात. तुमच्याही समितीत अशी कुणी ताई असेल, तिला आधी भेटा, चेअरमनला नंतर.

आलेवाला, सातारा

काका, ताई, मनापासून आभार. तीन अहवालांपैकी दोन वडिलांच्या ट्रंकेत सापडले, खताच्या पावत्यांखाली. पहिल्यात तफावत ४ लाख १० हजार, पुढच्यात एकदम १६ लाखांवर. त्याच वर्षी गोदामाचं बांधकाम झालं. वडिलांना आकडा वाचून दाखवला, तर त्यांनी डाव्या हातानं पुन्हा वाच अशी खूण केली.

अर्ज दोन प्रतींत लिहिलाय. ऑफिस सोमवारी अकराला उघडतं. ताई, समितीतल्या दोन्ही महिला आमच्याच आळीत राहतात, रविवारी संध्याकाळी आईला घेऊन त्यांच्याकडे जातोय.