यूव्ही टॉर्च मारून शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन कळतं का, की स्ट्रिपच घ्यावी?

घाणा_फलटण
नमस्कार मंडळी, आमचा लाकडी घाणा आहे, शेंगदाणा करडई दोन्ही काढतो. यंदा काढणीलाच पाऊस लागला त्यामुळे माल ओलसर येतोय, काही पोत्यांत बुरशीचे दाणे पण दिसतायत. एका व्हिडिओत बघितलं की 365 नॅनोमीटरची टॉर्च अंधारात दाण्यांवर मारायची, निळं चमकलं की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. मागवून बघितली तर अर्धी परातच चमकायला लागली, चांगले दाणे पण. आता एक विक्रेता नॅनोपार्टिकलवाली (अतिसूक्ष्म कणांची) तपासणीची स्ट्रिप घ्या म्हणतोय. लोक लहान लेकरांसाठी तेल नेतात आमच्याकडून, अंदाजपंचे दाहोदरसे नको. खरं कशाने कळतं?

लॅबवाली
दादा, अफ्लाटॉक्सिन यूव्हीखाली चमकतं हे खरंच आहे. 1960 ला इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला, आणि त्यातून जे विष वेगळं काढलं त्याचे प्रकार चमकीवरूनच ओळखले, बी1 बी2 निळे, जी1 जी2 हिरवट. पण ते आधी वेगळं काढून मग. आम्ही आजही दाणे दळतो, मिथेनॉल-पाण्यात अर्क काढतो, तो शुद्ध करून एचपीएलसीत (अर्कातले घटक वेगळे करणारं यंत्र) घालतो आणि शेवटी फ्लुरोसन्स, म्हणजे ती चमक, मोजतो. अख्ख्या दाण्यावर टॉर्च मारली की दाण्यातलं दुसरं बरंच काही चमकतं आणि दाण्याच्या दोन डाळिंब्यांच्या मधे बुरशी असेल तर ती दिसतच नाही. मक्यात तर जी हिरवी-पिवळी चमक दिसते ती अफ्लाटॉक्सिनची नसतेच, त्याच बुरशीच्या कोजिक ॲसिडपासून येते. म्हणजे चमकलं तर संशय घ्या, पण नाही चमकलं म्हणून निर्धास्त होऊ नका.
आणि प्रमाण बघा ना, प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याला आपल्याकडे मर्यादा 15 मायक्रोग्रॅम प्रति किलो. म्हणजे दहा टनी शंभर ट्रक मालात मिळून 15 ग्रॅम. डोळ्याला काय दिसणार.

क्वांटम_डॉट
माझं पीएचडीचं काम याच विषयात चाललंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. साध्या स्ट्रिपवर जी लाल रेघ येते ती सोन्याच्या नॅनोकणांची, इतक्या बारीक आकारात सोनं लालच दिसतं. कणांना अँटीबॉडी (अफ्लाटॉक्सिनला पकडणारं प्रथिन) चिकटवलेली असते आणि टेस्टच्या रेघेवर आधीच थोडं अफ्लाटॉक्सिन बसवलेलं असतं. माल स्वच्छ असेल तर अँटीबॉडी त्या रेघेवर जाऊन बसते, रेघ ठळक. मालात विष असेल तर अँटीबॉडी वाटेतच अडकते आणि रेघ फिकी पडते किंवा गायब. प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोबर उलटं, इथे रेघ नाही म्हणजे माल वाईट!! कंट्रोलची रेघ (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी दुसरी रेघ) मात्र आलीच पाहिजे, नाहीतर स्ट्रिप बाद.
फ्लुरोसन्सवाल्या स्ट्रिपमध्ये सोन्याच्या जागी क्वांटम डॉट (चमकणारे अतिसूक्ष्म स्फटिक) किंवा युरोपियम नावाचा धातू भरलेले कण असतात. मला यातलं युरोपियम सगळ्यात आवडतं. तुमची परात चमकली ना, ती बाकीच्या पदार्थांची चमक दिवा बंद झाला की नॅनोसेकंदांत विझते, युरोपियमची मात्र शेकडो मायक्रोसेकंद टिकते, त्यामुळे रीडर (स्ट्रिप वाचणारं यंत्र) दिवा मारतो, किंचित थांबतो आणि मग मोजतो, तोवर खोटी चमक संपलेली असते. टॉर्चचा मूळ प्रॉब्लेमच इथे सुटतो. आणि रेघ फिकी की ठळक यावर वाद नाही, सरळ आकडा येतो. रीडर महाग पडतो पण, एकट्याने घेण्यापेक्षा चार घाणेवाले मिळून घ्या.

लॅबवाली
अगदी बरोबर, फक्त स्ट्रिप कितीही चांगली असली तरी नमुना चुकला की सगळं वाया. विष मालात सारखं पसरलेलं नसतं, मोजक्या दाण्यांत भयंकर असतं आणि बाकीचे साफ. एका पोत्यातून मूठभर घेऊन चालणार नाही, प्रत्येक पोत्यातून वरून-मधून-खालून घ्या, सगळं एकत्र दळा, नीट मिसळा आणि मग त्यातलं थोडं तपासा. त्याआधी सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे हाताने निवडून काढा, बहुतेक विष त्यातच असतं. भाजून ते पूर्ण जात नाही.

गोठा_आणि_मी
पेंडीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. रिफायनरीत अल्कलीने तेलातलं विष बरंचसं जातं, घाण्याच्या तेलाला तसलं काही नाही, बारीक गाळासोबत थोडं तेलात येतं आणि जास्त भाग पेंडीत राहतो. ती पेंड आम्ही गाई-म्हशींना घालतो आणि दुधात एम1 (जनावराच्या पोटात गेलेल्या बी1 पासून बनणारं अफ्लाटॉक्सिन) उतरतं, उकळून पण जात नाही ते. एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 2018 मध्ये देशभरातले 6,432 दुधाचे नमुने तपासले त्यात 368 मध्ये एम1 मर्यादेच्या वर निघालं. ती मर्यादा 0.5 मायक्रोग्रॅम प्रति किलो. त्यामुळे दादा, निवडून काढलेले खराब दाणे वेगळे घाणून त्याची पेंड कृपा करून विकू नका, मुकं जनावर खातं आणि मग लेकरं ते दूध पितात.

घाणा_फलटण
निवडलेला माल घाण्यात जाणारच नाही, पुरून टाकतो. उद्यापासून आधी वाळवण आणि निवडण. एक शेवटचं, दाणे, पेंड, तेल तिन्हीला एकच स्ट्रिप चालते का?

क्वांटम_डॉट
स्ट्रिप एक असू शकते, पण अर्क काढायची पद्धत तिन्हीची वेगळी, तेलाची तर फारच वेगळी. किटच्या माहितीपत्रकात तेलाचं नाव स्पष्ट नसेल तर तो आकडा तेलाला लावू नका. विक्रेत्याकडून आधी ते पत्रक मागवा, इथे टाकलंत तर मी वाचून सांगतो.